पलंग अंगणापलीकडे

आमच्या खोऱ्यात शेणखताच्या ढिगाला वेणी घालतात. ढिगाच्या कडेने पेंढा वळवायचा, पिळायचा आणि असा बसवायचा की रस्त्याने जाणाऱ्याने घराण्याची अब्रू तिथल्या तिथे ओळखावी. घरात काय शिजतंय ते कोणी विचारत नाही.

*

नोएमीने विचारलं होतं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा रात्रीपुरत्या बंद करता येतात का.

*

माझी सासू सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. अर्धा अक्रोड तोंडात होता. उरलेला अर्धा मी कोंबड्यांना टाकला.

*

सल्लागाराच्या पेटीत लाकडी गाई होत्या, लाकडी ट्रॅक्टर होता, लाकडी आजोबा होते, पाइप ओढणारे. म्हातारी बाई नव्हती.

*

घराच्या दर्शनी भिंतीला जेवढ्या खिडक्या, तेवढ्या जिरेनियमच्या कुंड्या. वाटसरू थांबून फोटो काढतात. पाणी घालणारी बाई मध्ये आली तर तिला हात करून बाजूला व्हायला सांगतात.

*

हे सगळे एकाच गोष्टीचे तुकडे आहेत. गोष्ट अशी, की मला अंगण ओलांडायचं होतं.

*

अंगण काही मोठं नाही. इकडे मोठं घर. एकाच छपराखाली गोठा, गवताचा माळा आणि आम्ही, या क्रमाने. तिकडे नाशपातीच्या झाडापलीकडे श्टोक्ली, म्हाताऱ्यांचं घर. दोन खोल्या, एक शेगडी, खिडक्या बोटांवर मोजण्याइतक्या. शेत पुढच्याच्या हाती दिलं की म्हातारा-म्हातारीने आपला पलंग उचलून तिकडे न्यायचा. कागदपत्रं वकिलाकडे मागाहून होतात, सावकाश. खोऱ्यात कागदाला विचारतो कोण? पलंग गेला की शेत गेलं. शेजारी तो खांद्यावर नेतात, दिवसाढवळ्या, आणि मग सगळ्यांना हॅम, वेणीचा पाव, सफरचंदाची दारू. त्या संध्याकाळी मोठ्या घरातली चूल जो पेटवतो आणि तिथे झोपतो, तो मालक. गेलेला पलंग परत येत नाही. तसं कधी कोणी केलेलं नाही. केलं असतं तर त्याची नातवंडंसुद्धा शाळेत त्यावरून मार खात राहिली असती.

माझी सासू तिकडे गेली तेव्हा तिचं वय माझ्या आताच्या वयाहून कितीतरी कमी होतं. मग ती मरेचना. सबंध आयुष्य मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा धूर बघितला. तिची लहानशी शेगडी, तिची लहानशी केटली, तिच्या मोजक्या कुंड्या. इकडे मी, गोठ्यातला वास, जेवायला बसलेले नऊ जण, आणि उन्हाळ्यात गवत कापायला आलेले आणखी सहा. मला दागिने नको होते, समुद्र बघायचा नव्हता. मला ती केटली हवी होती.

ती गेली त्या संध्याकाळी एर्न्स्टने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, श्टोक्लीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आधी स्टेफू," तो म्हणाला. "मग श्टोक्ली."

*

स्टेफू आमचा मुलगा. बर्नला असतो. लोकांना जंगलात घेऊन जातो आणि गप्प उभं करतो. त्याचे पैसे घेतो. आमच्या जंगलात मी जन्मभर गप्प उभी राहिले आहे, हातात कुऱ्हाड घेऊन. मला कोणी छदाम दिला नाही, पण मी असं काही शिकवतही नव्हते.

बेथ्ली त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. शेत ती चालवते. तिच्याबद्दल चार गोड शब्द लिहायला हवेत म्हणून लिहीत नाही. ती बोलत नाही, हसत नाही, जेवताना कोपरं टेबलावर पसरून बसते आणि घोड्यासारखी खाते. एक शिक्षक तिच्याशी लग्न करणार होता. तो एकदा गवत कापायच्या दिवसांत आला आणि पुन्हा दिसला नाही. मला तो शहाणा वाटला.

बाकी जगात म्हणे थोरल्याला शेत मिळतं. आमच्या खोऱ्यात धाकट्याला. शाळेच्या मास्तरांनी एका भाषणात त्याची फार सुंदर कारणं सांगितली होती, धाकटं पाखरू, घरट्याची ऊब वगैरे. मला एकच कारण दिसतं. धाकट्याला मिसरूड फुटेपर्यंत बापाला टेबलाच्या टोकाला जास्तीत जास्त वर्षं बसता येतं.

आणि आता त्या रिवाजाचा आणखी एक फायदा झालाय. "मुलगी आहे म्हणून नाही" असं आजकाल कोणाच्या तोंडावर म्हणता येत नाही. एर्न्स्ट म्हणतो, "ती थोरली आहे, काय करणार!"

*

एर्न्स्ट वाईट माणूस नाही.

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. राहू दे. पुढे जाऊ.

*

आता सल्लागार. सल्लागाराशिवाय हल्ली शेत एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. श्टेटलर त्याचं नाव. पायात सपाट तळाचे बूट. गोठ्याच्या बाजूने न येता तो मोठ्या फेऱ्याने, बागेतून आला, म्हणून माझ्या पालकाच्या वाफ्यातून आला.

आम्ही सगळे बसलो होतो. एर्न्स्ट टेबलाच्या टोकाला. स्टेफू आणि त्याची नोएमी बाकावर, हातात हात घालून, जणू दाताच्या डॉक्टरकडे आलेत. बेथ्ली दाराजवळ, कारण तिच्या कपड्यांना वास येतो असं नोएमी म्हणाली नव्हती, पण खिडकी उघडली होती.

"आज आकड्यांबद्दल बोलायचं नाही," श्टेटलर म्हणाला. "आज फक्त भावना. आज आपण आपापल्या भावना टेबलावर ठेवणार आहोत."

"टेबल आत्ताच पुसलंय," एर्न्स्ट म्हणाला.

श्टेटलर हसला. त्याला हसायचा पगार असावा. त्याने पेटी उघडली आणि लाकडाचं छोटं घर टेबलाच्या मधोमध ठेवलं, पलीकडे श्टोक्लीही ठेवली, बाजूला जंगल म्हणून हिरव्या कापडाचा तुकडा. मग म्हणाला, "प्रत्येकाने स्वतःसाठी एक बाहुली उचला आणि पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, तिथे ठेवा."

एर्न्स्टने पाइपवाला आजोबा उचलला आणि घराच्या छपरावर ठेवला.

"छपरावर!" श्टेटलर म्हणाला. "म्हणजे देखरेख करणारा. संरक्षक."

"आत जागा नव्हती," एर्न्स्ट म्हणाला.

स्टेफूने स्वतःला हिरव्या कापडावर ठेवलं आणि नोएमीला शेजारी. "मुळांपाशी," तो म्हणाला. नोएमीने त्याचा हात दाबला.

बेथ्लीने गाय उचलली, उलटी करून पाहिली. "हिचा मागचा पाय मोडलाय," ती म्हणाली आणि परत पेटीत ठेवली.

"आणि हाबेगर बाई?" माझ्याकडे वळून श्टेटलर म्हणाला. मग पेटीत शोधायला लागला. वर-खाली केलं. "अं... आजी बहुतेक दुसऱ्या पेटीत राहिल्या. तुम्ही तोवर हा घ्या."

कुत्रा होता. मी तो श्टोक्लीत नेऊन ठेवला.

"वा! हे फार बोलकं आहे. काय वाटतंय कुत्र्याला, हाबेगर बाई?"

"त्याला किल्ली हवी आहे."

"किल्ली माझ्याकडे आहे," एर्न्स्ट म्हणाला.

"तेच म्हणतोय तो."

श्टेटलरने वहीत काहीतरी टिपलं. मग मुद्द्यावर आला. कायदा कसणाऱ्याच्या बाजूने आहे, तो म्हणाला. जो स्वतः राबणार त्याला शेत त्याच्या उत्पन्नाच्या मोलाने मिळतं. बंगले बांधणारे जे मोल देतात, त्या मोलाने नाही. "तेव्हा स्टेफान, सरळ विचारतो. तुम्ही राबणार का? दूध वगैरे?"

"मी गाईंशी नातं जोडणार आहे," स्टेफू म्हणाला.

"कुठल्या बाजूने?" बेथ्लीने दाराजवळून विचारलं.

"बेथ्ली, प्लीज. सगळ्या गाई ठेवायची गरजच नाहीये. चार ठेवू. वातावरणासाठी. माळ्यावर लोकांना झोपायची सोय करायची. शहरातले लोक गवताच्या वासासाठी वाट्टेल ते देतात."

"गवत कोण कापणार?"

"बेथ्ली आहेच की," एर्न्स्ट म्हणाला. "ती कुठे जातेय?"

"तिला पगार देऊ ना!" स्टेफू म्हणाला. त्याचा चेहरा दानशूराचा झाला होता. "आणि तिची खोली तिचीच राहील. ते मी लेखी द्यायला तयार आहे."

"इथे धाकट्याला जातं," एर्न्स्ट श्टेटलरला म्हणाला. "आमच्याकडे असंच चालत आलंय, पिढ्यान् पिढ्या. यात विचारायचं काय आणि बाहुल्या कशाला!"

"आणि तुम्ही दोघं श्टोक्लीत कधी जाणार?"

"स्टेफू आला की."

"मी दोन-तीन वर्षांत नक्की येणार," स्टेफू म्हणाला. "इथे एक प्रक्रिया चालू आहे, ती संपली की." इथे म्हणताना त्याने छातीवर हात ठेवला.

बेथ्ली उठली. दूध काढायची वेळ झाली होती. ती गेल्यावर नोएमीने खिडकी लावली.

*

मी मागोमाग गोठ्यात गेले. ती वासराला बाटली लावून उभी होती.

"नोव्हेंबरात मी जातेय," ती म्हणाली. "जुराला. एका विधवेचं शेत आहे, खंडाने देतेय. गाई तिच्याच आहेत."

"फ्रेंच बोलतात तिथे."

"गाई नाही बोलत."

"बापाला सांगितलंस?"

"तू सांग. तू त्याच्या शेजारी झोपतेस."

यात काही चुकीचं नव्हतं. मी तिला थांब म्हटलं नाही. थांब कशासाठी म्हणणार? लेखी खोलीसाठी? मी त्याऐवजी हिशेब केला, आणि तो सोपा होता. ती गेली की स्टेफू येणार नाही. स्टेफू येत नाही तोवर एर्न्स्ट हलणार नाही. आणि एर्न्स्ट हलत नाही तोवर सकाळ-संध्याकाळ सडांखाली बसणार मी. मग कधीतरी मलाही अर्ध्या अक्रोडावर मरण येईल, पण मोठ्या घरात, गोठ्याच्या वासात, जिरेनियमच्या आतल्या बाजूने.

*

"बेथ्ली जातेय," मी म्हटलं.

एर्न्स्ट बटाट्याची रोष्टी खात होता. कडेचा खरपूस भाग आधी, मधला मऊ माझ्यासाठी. गेली पन्नास वर्षं त्याची समजूत आहे की मला मधला आवडतो.

"कुठे?"

"जुराला. शेत खंडाने घेऊन."

"येईल परत. तिकडचं गवत बघितलं की येईल."

"आणि दूध?"

त्याने बशी पुसली, पावाने, गोल गोल.

"तुझे हात शाबूत आहेत ना?"

*

माझे हात शाबूत होते. म्हणून मी शेजारच्या त्साउगांकडे फोन लावला.

*

रविवार. एर्न्स्ट हॉर्नुसेनच्या मैदानावर. हा आमच्याकडचा खेळ असा, की एक जण लांबलचक काठीने बोटभर चकती आकाशात उडवतो आणि बाकीचे शेतभर पसरून, हातात दांड्याच्या फळ्या घेऊन, ती खाली यायच्या आत अडवायला बघतात. म्हणजे मोठी माणसं रविवारभर तोंड वर करून उभी असतात. किती चकत्या अडवल्या ते एर्न्स्ट जेवताना सांगतो. किती हुकल्या ते दुसऱ्यांकडून कळतं.

त्साउगांचे दोघे मुलगे आले, खांदे घेऊन. बाकी फारसं काही घेऊन त्यांना जन्माला घातलेलं नाही. त्यांच्याबरोबर त्यांची आई व्रेनी, डोळे आधीच ओले करून.

"खरंच ना गं रोझमरी? पलंग?"

"पलंग."

"अगंबाई. आणि एर्न्स्ट कुठाय?"

"त्याला हे बघवणार नाही," मी म्हटलं.

यात खोटं काहीच नव्हतं.

"असंच असतं," थोरला मुलगा म्हणाला. "आमचे बाबा तर पलंग निघाल्यावर ट्रॅक्टरखाली जाऊन बसले होते. म्हणे तेल गळतंय."

"श्टोक्लीची किल्ली?"

"त्याच्या खिशात राहिली. विसरभोळा झालाय."

"बिजागरी काढतो मग."

पलंग दारात अडकला. मालकाच्या परवानगीशिवाय कोणी पलंग उचलत नाही, म्हणून त्या पोरांच्या मनात शंकेचा लवलेशसुद्धा नव्हता; ती फक्त दाराला शिव्या देत होती. अंथरूण काढल्यावर लाकडी पट्ट्यांत दोन खड्डे दिसले, एक त्याचा, खोल, एक माझा, आणि मध्ये एक टेकडी. व्रेनीने तिकडे बघितलं आणि हुंदका दिला. ती कशालाही रडते. गेल्या वर्षी डेअरीच्या नव्या थर्मामीटरला रडली होती.

मग पलंग अंगणातून गेला. उन्हात तो फार जुनाट दिसत होता, आणि पायांना माश्यांचे डाग होते. रस्त्यावरच्या एका गाडीने हॉर्न वाजवला. व्रेनीने फोन काढला आणि नवऱ्याला, म्हणजे म्हाताऱ्या त्साउगला, मैदानावर लावला.

मी तिला तसं सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

*

मी मैदानावर नव्हते. तिथे काय झालं ते मला पाच जणांनी पाच तऱ्हांनी सांगितलं. एवढ्याबद्दल पाचही जणांचं एकमत आहे: चकती वर होती, एर्न्स्ट फळी उंचावून तिच्याखाली होता, आणि शेताच्या टोकाकडून म्हातारा त्साउग ओरडला,

"एर्न्स्ट! पलंग गेला म्हणे! अभिनंदन रे, मनापासून!"

चकती हुकली.

फळ्या खाली ठेवून सगळे आले. हात मिळवले. पाठीवर थापा. चीजवाला हाल्देमान, जो आमचं दूध घेतो, त्याने मिठी मारली, आणि आमच्याकडे पुरुष मिठी फक्त अंत्यविधीला मारतात.

"एर्न्स्ट, तू बोलला नाहीस! लबाडा!"

"बेथ्लीलाच दिलंस ना? दुसरं आहेच कोण!"

"बरं केलंस. आम्हाला वाटायचं, तो जंगलवाला येतोय की काय."

*

एर्न्स्टला जे वाक्य बोलता आलं असतं: माझ्या बायकोने मला न विचारता, माझ्या पाठीमागे, माझा पलंग हलवला.

*

एर्न्स्ट जे बोलला: "हं. वेळ झालीच होती."

*

म्हणजे त्याच्यापुढे दोन गोष्टी होत्या. शेत, आणि आपल्या संघातल्या अकरा म्हाताऱ्यांपुढची त्याची मान. त्याने क्षणाचाही विचार न करता मान वाचवली. स्टेफूला त्याने सबंध आयुष्यात जेवढं प्रेम दिलं होतं ते सगळं त्या एका 'हं'मध्ये खलास झालं. एका पलंगावर पन्नास वर्षं काढल्याचा मला एवढा तरी उपयोग झाला, की तो काय करेल ते मला शनिवारीच ठाऊक होतं.

*

तो आला तेव्हा सगळा संघ मागे होता. अंगणात फळ्या टाकून टेबल मांडलं होतं. हॅम मी आदल्या दिवशीच उकडलं होतं. त्याने हॅमकडे बघितलं, हॅम किती वेळ शिजतं हे त्याला माहीत असावं अशी आशा करायला जागा होती, मग श्टोक्लीच्या उघड्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रोझमरी. माझे मोजे कुठेत?"

"पलीकडे."

"हं."

लोकांनी पेले उंचावले. एर्न्स्टने भाषण केलं. शेवटी माणसाने वेळेत बाजूला व्हायला शिकलं पाहिजे, तो म्हणाला. लोकांनी मान डोलावली. जे अजून स्वतः बाजूला झाले नव्हते त्यांनी जास्त.

थोड्या वेळाने तो नाशपातीच्या झाडाआड गेला. मी तिथल्याच नळावर पेले धुवायला गेले.

"स्टेफू, आत्ता निघ," तो फोनवर दबक्या आवाजात सांगत होता. "आज रात्री घरात झोपायचंय. ... नाही रे, दूध नाही काढायचं, नुसतं झोपायचं. चूल पेटवायची आणि झोपायचं, एवढं तरी येतं ना? ... अरे, लोक बसलेत इथे!"

स्टेफूचा आवाज स्पष्ट येत होता. त्याला पोटातून आवाज काढायला शिकवलं आहे. "बाबा, आज? उद्या सकाळी माझा वर्ग आहे. गुरुवारी जमेल. गुरुवारी चालेल का?"

"गुरुवारी," एर्न्स्ट म्हणाला. तो शब्द त्याने असा उच्चारला जणू जेवणात काहीतरी सापडलं.

हाल्देमान लघवीला त्याच बाजूला आला होता. "काय आहे गुरुवारी?"

"गवत," एर्न्स्ट म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

*

बेथ्ली गोठ्यातून आली. हातात दुधाचा कॅन. तिने लोकांकडे बघितलं, टेबलाकडे, बिजागरी काढलेल्या दाराकडे.

"हे काय?"

सगळ्यांनी एर्न्स्टकडे बघितलं. हे एर्न्स्टने बोलायचं होतं. तो पेल्यात बघत राहिला.

"आज चूल तू पेटव," मी म्हटलं.

"मला विचारलंत कोणी?"

"नाही."

तिने कॅन खाली ठेवला. हात पँटला पुसले, एक, मग दुसरा. मला वाटलं, आता जुराचं नाव काढते. आणि काढलं असतं तर संपलं होतं सगळं, कारण रिकाम्या घरात चूल पेटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं खोरं एर्न्स्टला, आणि एर्न्स्ट मला, काय म्हणालं असतं ते मला ऐकायचं नव्हतं.

"लाकडं ओली आहेत," ती म्हणाली. "सकाळीच सांगायचं होतं."

आणि आत गेली. थोड्या वेळाने धुराड्यातून धूर आला. व्रेनी रडली.

*

उरलेलं थोडक्यात, कारण कागद कंटाळवाणे असतात.

श्टेटलर पुन्हा आला, पेटी घेऊन. या वेळी आजी आणली होती, डोक्याला रुमाल बांधलेली. एर्न्स्ट त्याला म्हणाला, "मी खूप विचार केला आणि ठरवलं." श्टेटलर म्हणाला की पहिल्या बैठकीनेच पेरणी झाली होती, असं त्याला आतून वाटतच होतं. बिल आलं.

स्टेफू दोन महिने बोलला नाही. आम्हाला फरक कळायला वेळ लागला. मग तो आणि नोएमी आले, कायद्याप्रमाणे जे त्याचं होतं ते घ्यायला तयार झाले, आणि शिवाय बर्नच्या बैठकीच्या खोलीत लावायला गाईची एक जुनी घंटा मागितली. बेथ्लीने दिली. आतला लोलक काढून दिली.

जुराच्या विधवेला बेथ्लीने पत्रही लिहिलं नाही. फोन केला, दोन मिनिटं. तिथे आता एक शिक्षक शेत करतो म्हणतात. तोच की दुसरा, ते मी विचारलं नाही.

बेथ्लीने माझे आभार मानले का? पहिल्या आठवड्यात मी तिच्या स्वयंपाकघरात, म्हणजे माझ्या, माझी मोठी कढई घ्यायला गेले.

"आई, दार वाजवून येत जा," ती म्हणाली.

बरोबरच होतं. मी तिच्या जागी असते तर कडीच लावली असती.

आणि श्टोक्ली? शेगडी धूर करते. पूर्वेचा वारा सुटला की खोलीभर होतो, डोळे चुरचुरतात, खिडकी उघडावी लागते आणि मग थंडी वाजते. भिंतीला ओल आहे. सासूने जन्मात कधी सांगितलं नाही. तिच्यासारख्या बाईकडून मी तशी अपेक्षाही ठेवत नाही. केटली मात्र चांगली आहे. लवकर उकळते.

एर्न्स्ट श्टोक्लीपुढच्या बाकावर बसतो, उन्हात, पाठीमागे हात घेऊन. टेबलाचं टोक गेलं, पण बाकाला दोन टोकं आहेत आणि दोन्ही तोच वापरतो. मोठ्या घराचे फोटो काढायला वाटसरू थांबले की त्यांना हाक मारतो, बसवतो.

"इथे रिवाज धाकट्या मुलाचा," तो त्यांना सांगतो. "शेकडो वर्षांचा. कोणाची छाती झाली नाही मोडायची. मी मोडला. लेकीला दिलं. खोऱ्यातला पहिला माणूस मी."

परवा एका बाईने ते ऐकून त्याचा हात हातात घेतला. शहरातली असावी, डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाली, "तुम्ही किती भाग्यवान आहात."

मी तिला चहा दिला. धूर फार झाला होता म्हणून बाहेरच दिला.

एर्न्स्टला हे शेत मिळालं त्या वर्षी त्याचे तिन्ही धाकटे भाऊ जिवंत होते.